घारीच्या घरट्यातलं नाव

प्लेटवर एकही वर्तुळ नव्हतं. मी ती खिडकीच्या उजेडात धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली. मग कविताला हाक मारली.

हे काय प्रकरण असतं ते आधी सांगते. पेशंटच्या लघवीत किंवा रक्तात जंतू सापडला, की कुठलं औषध त्याला मारेल ते शोधावं लागतं. एका चपट्या प्लेटमध्ये जेलीसारखा थर असतो. त्यावर तो जंतू सारवल्यासारखा पसरवायचा आणि वर औषध मुरवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. त्यांना आम्ही डिस्क म्हणतो. दुसऱ्या दिवशी प्लेटभर जंतूंची साय धरलेली असते. जे औषध लागू पडतं, त्याच्या डिस्कभोवती स्वच्छ गोल जागा राहते. जे लागू पडत नाही, त्याच्या डिस्कला साय येऊन चिकटते. अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावरच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये मी पंचवीस वर्षं मायक्रोबायॉलॉजिस्ट होते. म्हणजे पंचवीस वर्षं रोज सकाळी ही वर्तुळं मोजत होते. मागच्या वर्षी निवृत्त झाले.

कविता माझी टेक्निशियन. उल्हासनगरची, सिंधी, हात अतिशय स्वच्छ आणि नजर माझ्यापेक्षा तेज. तिने प्लेट बघितली. जंतूंच्या एका ठिपक्याला लूप, म्हणजे तारेचं बारीक कडं, लावून उचललं. तार निघाली, पाकाला निघते तशी, चिकट आणि लांब.

"मॅडम," ती म्हणाली, "हा तर बेड फोरवाला आहे. वोही."

मीही तेच म्हणणार होते.

बेड फोर म्हणजे आमच्या आयसीयूमधला चौथा बेड. त्याआधी चार महिने, संक्रांतीच्या सुमारास, तिथे एक निवृत्त फॅक्टरी ऑफिसर होते. पोटाचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण नंतर क्लेबसिएला नावाचा जंतू रक्तात शिरला. डिस्कवरचं एकही औषध चाललं नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांचं अंग इतकं सुजलं, की मनगटावरचा नावाचा पट्टा रुतायला लागला. नर्सने तो कापून दुसरा मोठा बांधला. हे मला आठवतं, कारण रक्ताचं सँपल घ्यायला मी स्वतः गेले होते आणि ते विचारत होते, "मॅडम, आज तरी काही उगवलं नाही ना?" उगवलं होतं. मी नाही म्हणाले.

आता तीच चिकट साय, तीच कोरी प्लेट. फक्त नाव वेगळं होतं. द्वारकाबाई भोईर, मोरिवली.

मोरिवली म्हणजे अंबरनाथच्या एमआयडीसीला लागून असलेलं जुनं गाव. द्वारकाबाई पासष्टीच्या. ताप आणि लघवीला जळजळ म्हणून आदल्या दिवशी ॲडमिट झाल्या होत्या. मी वॉर्डात जाऊन त्यांची सगळी हिस्टरी पुन्हा घेतली. याआधी कधी ॲडमिट? नाही. ऑपरेशन? नाही. बाळंतपणं? "घरानच, बाय." हॉस्पिटलमध्ये कुणाला भेटायला? "मना दवाखान्याचा वासच सहन व्हत नाय." भारी अँटिबायोटिक्स? मुलगा म्हणाला, आईने तापावर सुंठेशिवाय काही घेतलं नाही.

आयसीयूत जन्मलेला जंतू आयसीयूचा उंबरा न ओलांडलेल्या बाईच्या अंगात कसा गेला?

आमच्या फिजिशियननी कोलिस्टिन सुरू केलं. हे जुनं औषध आहे. किडनीला त्रास देतं म्हणून एकेकाळी मागे पडलं होतं. आता दुसरं काही चालेना म्हणून पुन्हा बाहेर काढलंय. त्याची टेस्ट डिस्कवर होत नाही, नळ्यांमध्ये करावी लागते. मी केली. लागू पडत होतं, पण काठावर.

तिसऱ्या दिवशी मुलगा लॅबच्या दाराशी येऊन उभा राहिला. रमेश त्याचं नाव. चाळिशीचा, एमआयडीसीत ऑपरेटर.

"मॅडम, आईला डिस्चार्ज पायजे."

"ताप उतरलेला नाही. आत्ता नेलंत तर जिवावर बेतेल."

"ठाऊक हाय. पण घरातले ऐकत नाहीत. आमच्याकडं..." तो थांबला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. हसाल. आईवर करणी झालीय असं सगळे म्हणतात. भगताकडं न्यायचंय."

मी हसले नाही. विचारलं, "असं का वाटतंय त्यांना?"

"तुम्ही घरी याल का? तिकडं बघा. सांगून समजायचं नाही."

मलाही त्या घरी जायचंच होतं. जंतूचा रस्ता शोधायचा तर पेशंटचं पाणी, संडास, स्वयंपाकघर बघावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी आणि कविता सँपलच्या नळ्या घेऊन निघालो.

घर बैठं, पुढे अंगण, बाजूला नारळ आणि एक मोठी चिंच. पलीकडच्या भिंतीमागे कंपनीची शेड. रिक्षातून उतरले आणि कविताने माझं मनगट धरलं.

कौलांवर घारी बसल्या होत्या. आठ-नऊ असतील. घार आपण वर घिरट्या घालताना बघतो. इतक्या जवळ, इतक्या खाली, ओळीने बसलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. ओरडत नव्हत्या, हलत नव्हत्या. आम्ही फाटक उघडलं तशा सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, आणि आमच्याकडे बघून पुन्हा घराच्या दाराकडे फिरल्या.

"आई दवाखान्यात गेल्यापासून अशाच बसतात," रमेश म्हणाला. "ती रोज सकाळी मासळी साफ करते आन आतडी, डोकी त्यांना टाकते. लय वर्षं झाली. हातातून नेतात. आता मी टाकतो तर उतरत नाहीत."

अंगणात त्याने टाकलेली बोंबलांची डोकी तशीच पडली होती. त्यावर मुंग्या लागल्या होत्या.

रमेशची बायको दारातून बाहेर आली नाही. तिथूनच म्हणाली, "त्याच बसल्यात न्यायला." कुणाला, ते तिने सांगितलं नाही.

मी काम सुरू केलं. अंगणात पाण्याचा निळा ड्रम होता, वर झाकण नाही. ड्रमच्या बरोबर वरून वायर गेली होती आणि वायरीखाली भिंतीवर पांढरे ओघळ. घारींची विष्ठा. द्वारकाबाई त्याच ड्रममधून तांब्याने पाणी घेऊन हात धुवायच्या, भांडी विसळायच्या. मी ड्रमचं पाणी घेतलं, ओघळ घेतले, अंगणातली ताजी विष्ठा घेतली. या सगळ्या वेळात ते पिवळट डोळे आमच्यावर होते. कविता सिंधीत काहीतरी पुटपुटत होती. नंतर विचारलं तर म्हणाली, "कुछ नहीं मॅडम, देवाचं नाव."

मग रमेशने गोठ्यातून एक गोणी आणली. हातात न धरता काठीने ढकलत आणली.

"पंधरा दिवसांपूर्वी वाऱ्याने चिंचेची फांदी मोडली. त्याच्यासंगती हे खाली पडलं. बरोबर आईच्या पुढ्यात. त्याच्यानंतर आठ दिवसांत ती आजारी पडली."

मी ग्लोव्ह्ज घातले आणि गोणी उलटी केली.

घरटं होतं. घारीचं, बाहेरून काटक्यांचं, टोपलीएवढं. आतलं अस्तर मात्र काटक्यांचं नव्हतं. गॉजच्या पट्ट्या होत्या, वाळून काळ्या पडलेल्या. सलाइनची नळी दोन वेढे घालून काटक्यांत ओवलेली. कापसाचे बोळे. चिकटपट्टीला चिकटलेले माणसाचे केस. एका नळीच्या टोकाला लघवीच्या पिशवीची निळी तोटी. आणि या सगळ्याच्या मधोमध, जिथे अंडी असतात तिथे, एक प्लास्टिकचा पट्टा, कापलेला.

रमेश मागे सरकला. "त्याच्यावर माणसाचं नाव हाय. गावात या नावाचं कुणी नाही. रक्ताची चिंधी, केस आन नाव. मॅडम, करणी दुसरी काय असते?"

मी पट्टा उचलून पुसला. आडनाव उडालं होतं. पहिलं नाव होतं, त्याखाली आमचा ॲडमिशन नंबर, पुसट, आणि वॉर्ड: आयसीयू.

ते नाव मला वाचावं लागलं नाही. ते दिसलं. चार महिन्यांपूर्वी मनगटात रुतत होता म्हणून कापलेला पट्टा तोच होता. माणूस गेला. त्याचा जंतूही त्याच्याबरोबर गेला असं मी समजून चालले होते. आणि इथे घारीची पिल्लं त्याच्यावर वाढली होती.

"मॅडम?" कविता म्हणाली. तिनेही वाचलं होतं.

मी पट्टा सँपलच्या पिशवीत टाकला. पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं. ते कारण खरं होतं, पण त्या क्षणी मला भीतीही वाटत होती. रमेशला म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. आईला हलवू नका. हे काय आहे ते मी तुम्हाला सांगीन. शब्द देते."

दुसऱ्या दिवशी प्लेटांवर ड्रमच्या पाण्यातून तोच जंतू आला, विष्ठेतून तोच आला. कोरी प्लेट, चिकट तार. कविता बराच वेळ प्लेट बघत राहिली.

"मॅडम, घारने कभी गोली खायी है क्या?"

हाच प्रश्न होता. त्या पक्ष्याने आयुष्यात एक औषध घेतलं नव्हतं आणि त्याच्या आतड्यात आमच्या शेल्फवरच्या जवळजवळ सगळ्या औषधांना न जुमानणारा जंतू सुखाने राहत होता. घार आजारी नव्हती. जंतू तिला काहीच करत नव्हता. ती फक्त त्याला घेऊन उडत होती.

मी पट्टा आणि प्लेटा घेऊन ॲडमिनिस्ट्रेटर देसाई साहेबांकडे गेले. त्यांनी पट्टा पिशवीतूनच बघितला आणि टेबलाच्या कडेला सरकवला.

"हे बाहेर कुणाला माहीत आहे?"

"पेशंटच्या घरच्यांना. त्यांना वाटतंय करणी आहे."

"मग राहू दे ना. आपण काही बोललो नाही तर बरं."

"सर, ते तिला भगताकडे नेतायत. औषध थांबलं तर ती मरेल."

"तुम्ही समजवा त्यांना. पण हॉस्पिटलचं नाव न घेता समजवा."

"पट्ट्यावर आपला नंबर आहे. तो आकाशातून कसा पडला, हे हॉस्पिटलचं नाव न घेता कसं सांगू?"

त्यांनी रजिस्टर काढून उघडलं. मग म्हणाले, "मेडिकल वेस्टची गाडी रोज येते. आपलं रेकॉर्ड क्लीन आहे."

"चला, बघून येऊ," मी म्हणाले. मला वाटलं नव्हतं ते उठतील, पण उठले. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

हॉस्पिटलच्या मागे पिवळ्या पिशव्यांची शेड आहे. रक्त, ड्रेसिंग, माणसाच्या शरीराला लागलेलं सगळं पिवळ्या पिशवीत जातं आणि ते जाळायला पाठवायचं असतं. गाडी येईपर्यंत पिशव्या शेडमध्ये बंद ठेवायच्या. पंचवीस वर्षांत मी त्या शेडकडे दोनदा गेले असेन. लॅबचा कचरा बादलीत टाकला की माझं काम संपलं, असं मी धरून चालले होते.

छपराचा एक पत्रा निम्मा उडालेला होता. दाराला कडी नव्हती, सुतळी होती. आत पिशव्यांचा ढीग छातीपर्यंत आलेला. हाउसकीपिंगच्या मंदामावशी तिथेच होत्या. देसाई साहेबांनी विचारलं, "गाडी रोज येते ना?"

मावशींनी आधी माझ्याकडे बघितलं. "रोज सही होते साहेब. गाडी तीन दिवसांनी येते."

आम्ही व्हरांड्याच्या सावलीत उभे राहिलो. दुपारचे बारा वाजले असतील. आधी शीळ ऐकू आली, घारीची असते तशी, कापरी, घोड्याच्या बारीक खिंकाळण्यासारखी. मग एक सावली पत्र्यावरून सरकली. घार त्या भोकातून अशी आत उतरली जशी आपण आपल्या घरात शिरतो. पिशवी फाटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती बाहेर आली तेव्हा पंजातून पांढरी पट्टी लोंबत होती. ती पट्टी हवेत वळवळत वळवळत मोरिवलीच्या दिशेने गेली. तिच्या मागून दुसरी आली.

"रोज येतात," मंदामावशी म्हणाल्या. "मला ओळखतात. घाबरत नाहीत."

देसाई साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. म्हणाले, "तुम्हाला त्या लोकांना काय सांगायचं ते सांगा."

संध्याकाळी रमेश, त्याची बायको आणि गावातले दोघे जण वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि सरळ सांगितलं. करणी नाही. पट्टा आमच्याच हॉस्पिटलच्या एका पेशंटचा आहे. त्याचं नाव तुम्ही वाचलंय, पण कृपा करून ते बाहेर बोलू नका, त्याच्या घरच्यांना त्रास होईल. आमची शेड उघडी होती. घारींनी तिथून चिंध्या नेल्या, त्याबरोबर जंतू नेला. विष्ठेतून तो तुमच्या ड्रममध्ये पडला असावा. चूक आमची आहे.

मग रमेशची बायको म्हणाली, "म्हंजे करणीच झाली की. फकत भगतानं नाय, तुमी केलीत."

मी म्हणाले, "हो. आणि उतरवायचं औषध पण आमच्याकडेच आहे. दहा दिवस द्या."

गावातला एक म्हातारा उठून उभा राहिला. मला वाटलं आता आवाज चढणार. तो एवढंच म्हणाला, "बाई खोटं बोलत नाय. ऱ्हाऊ द्या द्वारकीला इथं."

कोलिस्टिनने सहाव्या दिवशी ताप उतरला. मध्ये किडनीचे आकडे बिघडले, डोस कमी करावा लागला, दोन दिवस फार वाईट गेले. पण त्या वाचल्या. शुद्धीवर नीट आल्यावर त्यांनी मला पहिलं विचारलं, "माज्या घारी उपाशी असतीन गो?"

आता या कामातला सगळ्यात अवघड भाग. घारीनेच त्यांना जंतू दिला, हे मी शपथेवर सांगणार नाही. मुंबईच्या मोठ्या लॅबला आम्ही सगळे जंतू पाठवले. बेड चारचा, द्वारकाबाईंचा, ड्रममधला आणि घारीचा, चारही अगदी जवळचे नातेवाईक निघाले. पण कोण कुणाकडून कुणाकडे गेला, हे रिपोर्टमध्ये येत नाही. नाल्याचं पाणी तिकडूनच जातं, तोही रस्ता असू शकतो. मला एवढंच नक्की माहीत आहे, की पट्टा चालत गेला नव्हता.

अशा कामात कंट्रोल लागतो. म्हणजे ज्या जागेचा या प्रकरणाशी संबंध नाही, तिथलं एक सँपल. ते साफ आलं की आपली पद्धत बरोबर आहे असं समजायचं. मी कुळगावला राहते, हॉस्पिटलपासून चांगलीच लांब. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, पक्ष्यांची शीट असते. तीच खरवडून आणली होती आणि नळीवर फक्त "कंट्रोल" लिहिलं होतं.

ती प्लेट कविताने शेवटी काढली. माझ्यासमोर ठेवली आणि हात धुवायला निघून गेली.

मी ती उजेडात धरली. एकही वर्तुळ नव्हतं. लूप लावला, तार निघाली.

मी खिडकीकडे वळले. बाहेर एसीच्या डब्यावर एक घार येऊन बसली होती. काचेपासून हातभर अंतरावर. ती तिथे नेहमीच बसत असणार. डब्यावरचे ओघळ जुने होते. माझं लक्ष गेलं नव्हतं, एवढंच. तिने मान वाकडी करून आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या प्लेटकडे.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी गच्चीवर चढले आणि टाकीचं झाकण बघितलं. ते होतं, पण एका बाजूने फाटलेलं. आमच्या घरात तेव्हा माझी सून सात महिन्यांची गरोदर होती. टाकी त्याच आठवड्यात साफ करून घेतली, झाकण बदललं, क्लोरीन टाकलं. आम्ही सगळे ठीक आहोत. पण ग्लासात पाणी ओतताना मी अजूनही क्षणभर थांबते.

शेडवर नवीन पत्रा बसला, जाळी बसली, कडीकुलूप आलं. गाडी खरोखर रोज यायला लागली, कारण सही आता माझ्यासमोर व्हायची. घारी महिनाभर शेडवर येऊन बसायच्या, जाळीवर चोच मारायच्या. मग येईनाशा झाल्या. द्वारकाबाईंनी ड्रमला झाकण केलं, मासळी टाकायची जागा अंगणाबाहेर नेली आणि हात साबणाने धुवायला लागल्या. घारींना टाकणं मात्र सोडलं नाही. मी सांगूनही पाहिलं नाही.

मी निवृत्त होईपर्यंत दर तीन महिन्यांनी घारींची सँपलं तपासत होते. जंतू कमी झाला. गेला नाही. शेवटच्या सँपलमध्येही होता, आणि ते सँपल शेडला जाळी बसल्यानंतर जन्मलेल्या पिल्लाचं होतं.

नवीन लोक लॅबमध्ये यायचे तेव्हा मी पूर्वी त्यांना पहिल्या दिवशी मायक्रोस्कोप दाखवायचे, मग इनक्युबेटर. या प्रकरणानंतर क्रम बदलला. आधी त्यांना मागच्या शेडकडे न्यायचे. पत्रा बघा, कडी बघा, मग गाडी आली का ते मंदामावशींना विचारा, रजिस्टरला विचारू नका. ते झालं की वर येऊन ॲप्रन घाला.